आजी दुसऱ्या अंकात मरते

आमच्या पूर्वजांना कोकणात कोणी कधी छळलं नाही, ही माझ्या वडिलांच्या साहित्यिक कारकिर्दीतली सर्वांत मोठी अडचण होती. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे फार पूर्वी कधीतरी अलिबागच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागलेले यहुदी. तिथे आम्ही तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवून घरी बसायचो म्हणून लोकांनी शनिवार तेली असं नाव दिलं, आणि त्या नावापलीकडे कसलाही त्रास दिला नाही. लग्नकार्याला शेजारी तांब्याची पातेली द्यायचे, आम्ही ती घासून परत करायचो. एवढ्या सुखी इतिहासावर गंभीर साहित्य कसं लिहायचं, हा पप्पांचा जन्माचा प्रश्न होता. दुसऱ्या कोणी त्याबद्दल देवाचे आभार मानले असते.

पप्पांचं नाव सॅमसन. जन्म ठाण्याचा. कॉलेजात जायच्या वयात ते माझ्या आजी-आजोबांबरोबर इस्रायलला गेले आणि अश्दोदच्या बंदरावर कारकून झाले. हिब्रू त्यांनी इतक्या ईर्ष्येनं शिकून घेतलं की पुढे बँकेतल्या माणसाशी वाद घालतानाही ते जुन्या करारातलं हिब्रू बोलत. त्या भाषेत त्यांनी चार कादंबऱ्या आणि तीन नाटकं लिहिली. पहिल्या कादंबरीला एक लहानसं पारितोषिक मिळालं, दुसरीला परीक्षण मिळालं, तिसरीला प्रकाशक मिळाला एवढंच म्हणता येईल, आणि चौथीच्या प्रती आमच्या तळघरात सायकलींच्या मागे होत्या. समीक्षकांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. या लेखकाच्या संवादांत म्हणे वाळवंटाचं प्राचीन, तुटक तेज होतं.

ते तेज आजीचं होतं. सकाळी ती विळीवर नारळ खवायला बसली की पप्पा लॅपटॉप घेऊन समोर खुर्ची टाकायचे. मराठीत विचारायचे, "आई, समज एका बाईचा नवरा न सांगता निघून गेला होता. तो आज दारात उभा आहे. ती काय म्हणेल?" आजी वर न बघता म्हणायची, "पाय धुतलेत का?" पप्पा ते हिब्रूत टाइप करायचे. त्या एका वाक्यावर तेल अवीवच्या एका प्राध्यापकांनी शास्त्राचे दाखले देत लांबलचक लेख लिहिला होता. प्रत्यक्षात आजोबा मासळी बाजारातून घरी यायचे आणि आजीला फरशीची काळजी असायची. तिला हिब्रू बाजारापुरतं आणि प्रार्थनेपुरतं यायचं, त्यामुळे आपण हिब्रू साहित्यात एवढी मोठी भर घालतोय याची तिला पुरती कल्पना नव्हती. पण नाटकात आपलं बोलणं असतं आणि लोक त्यावर हसतात, हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

मी शाळेत जाऊ लागले तेव्हा आईला जर्मनीत नोकरी लागली. आई मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्याची, बेअरिंगमधली जाणकार. हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं. आजोबा तोवर गेले होते, म्हणून मागोमाग आम्ही तिघं: मी, आजी आणि हिब्रू साहित्य. ते गाव बुटांचं, खेळाच्या बुटांच्या दोन मोठ्या कंपन्या तिथल्याच. तिथे माणूस भेटला की आधी त्याचे बूट बघतात आणि मग तोंड. पप्पांच्या पायात अश्दोदच्या सँडल. परदेशी लोकांच्या कचेरीतल्या बाईनं व्यवसाय विचारला तेव्हा पप्पा म्हणाले, लेखक. कुठल्या भाषेत? हिब्रू. वाचतं कोण? यावर पप्पांनी जे उत्तर दिलं त्याचं तिनं संगणकात 'सध्या नोकरी नाही' असं भाषांतर केलं. पुढे कितीतरी वर्षं पप्पा तेच होते. सकाळी मला शाळेत सोडायचे, दुपारी पास्ता करायचे आणि आई घरी आली की तिला ऐकू जाईल असे सुस्कारे टाकायचे.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. विळीवर नारळाची वाटी फिरते आहे, लॅपटॉपची बटणं वाजताहेत, मधूनच आजी कोणाला तरी नावं ठेवते आहे, आणि खालून शेजारी छताला काठीनं ठोकताहेत, कारण दुपारी एक ते तीन ही आमच्या इमारतीत शांततेची वेळ होती आणि आजी नेमका तेव्हाच बाल्कनीच्या कठड्यावर नारळ फोडायची. आई तिला समजवायची, अहो आई, इथे रूहेत्साइट असतो, नियम आहे. आजी म्हणायची, नारळाला घड्याळ कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण व्हायचं आणि त्याचा वास जिन्यातून खाली दारापर्यंत जायचा. आता माझ्या स्वयंपाकघरात पाकिटातलं नारळाचं दूध असतं. खालचे शेजारी खूश आहेत, कालवण नाही.

तर अशा आमच्या घरी एक दिवस फ्राऊ लिंडनर आल्या. न्युर्नबर्गमध्ये एका जुन्या बिअरच्या गोदामात एक छोटं नाट्यगृह होतं, तिथे त्या द्रामातुर्गिन होत्या. जर्मन नाट्यगृहात हे एक पद असतं. नाटकाचा अर्थ काय, हे प्रेक्षकांना कळण्याआधी ही व्यक्ती ठरवते. आपल्या इतक्या जवळ एक हिब्रू नाटककार राहतो हे त्यांना कुठूनसं कळलं होतं आणि त्या हातात पांढरी फुलं घेऊन, आवाज खाली आणून, पायमोजे घातलेल्या पावलांनी आमच्या घरात शिरल्या. आजीला वाटलं, यांच्याकडे कोणी गेलंय. तिनं आधी त्यांना पाणी दिलं.

पप्पांकडे एक नाटक तयार होतं आणि माझ्या मते ते त्यांचं सर्वांत चांगलं. एका घरात मलिदा करायचा असतो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा, भोवती पाच फळं. नवस फेडायला आम्ही तो एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं करतो, आणि प्रार्थनेच्या वेळी तो स्वतः येऊन आशीर्वाद देतो असं मानतो. तर त्या घरात दोन जावा पोहे कोणी भिजवायचे यावरून दोन अंक भांडतात आणि सासू दोघींना गार करते. सासूची सगळी वाक्यं आजीची होती. फ्राऊ लिंडनरनी इंग्रजी तर्जुमा आधीच वाचला होता. त्यांनी मलिदा खाल्ला, डोळे मिटले, छान आहे म्हणाल्या. नाटकही छान आहे म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "वो इस्ट डेअर श्मेर्त्स?" यात वेदना कुठे आहे?

पप्पांनी मला ते आजीला सांगू दिलं नाही. नाहीतर तिनं गुडघा दाखवला असता.

पुढचे काही महिने पप्पा वेदना शोधत होते. त्यांचंही मी समजू शकते. इतकी वर्षं घरी बसलेला माणूस, बायको रोज गळ्यात कंपनीचं कार्ड घालून कामाला जाते, मुलगी शाळेत वडील काय करतात हे सांगताना अडखळते, आणि आता एक खरंखुरं नाट्यगृह दारात उभं आहे. जर्मन लोकांना एका यहुदी लेखकाकडून काय हवं आहे, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्या देशाची खंत खरी होती आणि असायलाच हवी होती. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या पणजीचं अख्खं गाव खरोखरच जाळलं गेलं होतं, आणि ती त्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. पण पप्पांनी तसल्याच कोणाच्या तरी गावची आग उसनी आणली आणि आमच्या अलिबागकडच्या गावाला लावली. याचा मला आजही राग येतो. नव्या नाटकात जावा गेल्या, भांडण गेलं, पोहे राहिले. सासूची एक मुकी म्हातारी झाली. तिचं गाव जळताना तिची वाचा गेलेली, ती दीड अंक पोह्यांकडे बघत बसते आणि दुसऱ्या अंकात मरते. हे लिहिताना पप्पा आजीसमोर बसलेच नाहीत. बेडरूमचं दार लावून लिहीत होते.

आईनं ते वाचलं. आई त्यांना एरवी सॅम म्हणायची, अहोवर आली की समजावं. ती म्हणाली, "अहो, त्या दुसऱ्या अंकात मरतात हे आईंना सांगितलंत का?"

पप्पा म्हणाले, "तिला जर्मन कुठे येतं?"

एवढा मोठा नाटककार, पण घरात एक सोळा वर्षांची मुलगी आहे आणि तिला दोन्ही भाषा येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आजीनं तर तोवर ठाण्याच्या, अश्दोदच्या सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं होतं की माझं नाटक लागतंय, जर्मन लोक हसणार आहेत. तिनं मोरपिशी पैठणी बाहेर काढली होती. प्रयोग रविवारी दुपारचा होता, आणि आई म्हणाली, मी येत नाही, मला बघवणार नाही. म्हणून आजीच्या शेजारी मी बसले.

पडदा नव्हताच. मंचावर राखाडी माती पसरलेली, मधोमध एक नटी पांढऱ्या सुती लुगड्यात, डोळ्यांवर आजीसारखाच जाड चष्मा. आजी खूश झाली. माझ्या कानाला लागून म्हणाली, ही मी ना? मी हो म्हटलं. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एक नट मातीत लोळला. दुसऱ्यानं पोह्यांचं ताट डोक्यावर धरून ते सावकाश खाली ओतलं आणि त्या पोह्यांवरच उभा राहिला. आजी म्हणाली, अगं, पाय काढ म्हणावं त्याला. मग निवेदक गावाबद्दल सांगू लागला आणि ती मला भाषांतर करायला लावू लागली. मी जमेल तेवढं टाळलं, पण तिनं माझं मनगट धरलं होतं. कुठलं गाव? आपलं, आजी. कोणी जाळलं? माहीत नाही म्हणतो. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, आपल्या गावात पापड जळला तरी चारचौघांत चर्चा व्हायची, हे मला कसं ठाऊक नाही? मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी घसा खाकरला. आजी मंचाकडे बघत राहिली. मी कधी बोलते, असं तिनं मला तीनदा विचारलं. मग नटी मेली आणि दिवे गेले.

इतर देशांत नाटक संपलं की लोक घरी जातात. जर्मनीत त्यानंतर प्रेक्षकांशी चर्चा असते, आणि माणसं ज्या तयारीनं नाटकाला येतात तिच्या दुप्पट तयारीनं चर्चेला थांबतात. मंचावर चार खुर्च्या मांडल्या गेल्या. फ्राऊ लिंडनर, पप्पा, आणि पप्पांना कल्पनाही नसताना फ्राऊ लिंडनरनी पुढे येऊन हाताला धरून वर नेलेली आजी. चौथ्या खुर्चीवर मी, कारण आजी माझं मनगट सोडत नव्हती. या नाटकाची मूळ व्यक्ती आज आपल्यात आहे, फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. त्या कदाचित गप्प राहणं पसंत करतील आणि आपण त्याचा आदर करू. तरी त्यांनी माइक आजीसमोर धरला. पप्पांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

आजीनं माइक घेतला. नाटकात हसायला काहीच नव्हतं हे तिला कळलं होतं, आणि आपल्या मुलाचा प्रयोग पडतो आहे अशी तिची प्रामाणिक समजूत झाली होती. तो सावरायला ती उभी राहिली. माझी खात्री आहे, त्यात राग नव्हता. राग नंतर आला.

"आमच्या सासूबाईंची म्हैस आजारी पडली," तिनं सुरुवात केली. पप्पा घाईनं पुढे झुकले आणि स्वतःच भाषांतर करू लागले. जर्मनमध्ये ते म्हणाले, त्या काळात आमच्या घरावर संकट आलं होतं.

सासूबाईंनी नवस बोलला, आजी म्हणाली, म्हैस उठली तर एलियाहू हनाबीचा मलिदा करीन. घरातल्या बायका प्रार्थना करत राहिल्या, पप्पा म्हणाले. म्हैस उठली, मलिदा झाला, आणि ऐन प्रार्थनेच्या वेळी दारात हा एवढा उंच दाढीवाला, हातात कातड्याची बॅग. सासूबाईंना वाटलं, प्रेषितच आले. आजीनं हात उंच करून दाढी दाखवली. पप्पा म्हणाले, एक दिवस दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. त्याच्या हातात बॅग होती.

"सासूबाईंनी त्याला पाटावर बसवला. त्यानं सगळं ताट संपवलं. पाचही फळं. आम्ही उपाशी बघतोय, पण प्रेषिताला पुरे म्हणणार कोण?"

"त्यानं आमच्या घरातलं सगळं अन्न संपवलं," पप्पा म्हणाले. "कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही."

पप्पांनी एकही वाक्य खोटं सांगितलं नाही. त्यांनी फक्त म्हैस गाळली. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी चष्मा पुसला. आजी रंगात आली होती. मग त्यानं दाढी पुसली, ती म्हणाली, आणि बॅग उघडली. आणि इथे तिनं हशासाठी थांबून समोर पाहिलं.

ती तशीच थांबली. माइक खाली करून मला विचारलं, ही माणसं रडतायत का गं? आतापर्यंत हसायला पाहिजे होती. हा काय सांगतोय त्यांना? मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं: म्हैस नाही, गाव जळलं, ती मुकी झाली, मेली. आजीनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा आपल्या सँडलकडे बघत होते. तिनं माइक माझ्या हातात ठेवला आणि पदर सारखा करून बसली.

मी जर्मनमध्ये म्हटलं, ही विनोदी गोष्ट आहे. एका म्हशीची आहे. माझी आजी मुकी नाही आणि आमचं गाव कधीच जळलेलं नाही. एक माणूस हसणार होता, मी पाहिलं त्याला, पण त्यानं आधी आजूबाजूला बघितलं आणि विचार बदलला. फ्राऊ लिंडनरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. विनोद हा बहुधा जखमेचा शेवटचा आसरा असतो, त्या म्हणाल्या, आणि नातवंडं ती जखम नाकारतात हेही आपण समजून घ्यायला हवं. लोक उभे राहिले. पुष्कळ वेळ टाळ्या वाजल्या. काय म्हणाली ती, आजीनं विचारलं. तू फार सोसलंस म्हणाली, मी सांगितलं. आजी म्हणाली, आज सोसलं ते खरं.

घरी परतताना एर्लांगनला आम्ही आगगाडीतून उतरून बसमध्ये बसलो तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायचं नाव घेत नाही. आजी आणि मी एका बाकावर, पप्पा पुढच्या. त्यांना म्युनिकला प्रयोग करायचं बोलावणं त्या टाळ्यांतच आलं होतं. ते माफी मागतील असं मला वाटलं, आणि आजीलाही वाटलं असावं, कारण ती थोडी पुढे सरकून बसली होती. मग ते वळले. डोळ्यांत तीच सकाळची, लॅपटॉपसमोरची चमक.

"आई," ते म्हणाले, "बॅगेत काय होतं?"

आजीनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "मुकीला काय विचारतोस?" म्हणाली. "आणि मेलेलीला?"

ती त्यांच्याशी बोलायची थांबली असं नाही. जेवायला ये, दिवा बंद कर, औषध घेतलंस का, हे ती मरेपर्यंत बोलत होती. पण ते लॅपटॉप घेऊन समोर बसले की ती नारळाकडे बघायची. नाटक म्युनिकला गेलं, ड्रेस्डेनला गेलं, पप्पांना जर्मनीत नाव मिळालं. त्यांनी आणखी दोन नाटकं लिहिली. त्यांतल्या बायका जवळजवळ बोलतच नाहीत, आणि समीक्षकांनी तीही शैली मानली. बॅगेत काय होतं ते आजीनं मला दुसऱ्याच दिवशी चहा गाळताना सांगितलं, आणि बजावलं, त्याला सांगू नकोस, तो परत कोणालातरी रडवील.

पप्पा आता माझ्याकडे असतात. खूप थकलेत, हिब्रू विसरत चाललेत, बोलतात ते ठाण्याचं मराठी. पण तो प्रश्न विसरलेले नाहीत. दर काही महिन्यांनी तो वर येतो. परवा मी त्यांना दहीभात भरवत होते तेव्हा पुन्हा विचारलं. मला एकाएकी त्या राखणदारीचा कंटाळा आला आणि मी सांगून टाकलं. तो गुरांचा डॉक्टर होता. आजोबांचा नवसावर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी कोणाला न सांगता त्याला निरोप धाडला होता. त्यानं बॅगेतून ही एवढी सुई काढली. सासूबाईंना अजूनही तो प्रेषितच वाटत होता. त्या बाही वर करून पुढे झाल्या, म्हणाल्या, पहिली मला टोचा. आणि तो बिचारा तोंडात खोबरं घेऊन म्हणाला, बाई, ही म्हशीची आहे.

पप्पा हसले नाहीत. त्यांनी घास गिळला. मग म्हणाले, "एवढी चांगली गोष्ट. आईनं मला का नाही सांगितली?"

"सांगत होती, पप्पा," मी म्हटलं. "तुम्ही भाषांतर करत होतात."